आउडरकर्क : ॲम्स्टरडॅमच्याही आधीचं, ॲम्स्टल नदीकाठचं गाव

रानवाटा (धागाकर्ती)

नेदरलँड्सला पाहुणे आले की आपण त्यांना क्यूकेनहॉफचे ट्यूलिप दाखवतो, झान्से स्कान्सच्या पवनचक्क्या दाखवतो, फार तर खिटहोर्नला नेतो. ॲम्स्टलवीनला राहणाऱ्या मराठी मंडळींना सायकलवर टांग मारून सहज गाठता येईल असं एक गाव मात्र ह्या यादीत कधीच नसतं. गावाचं नाव आउडरकर्क आन दे ॲम्स्टल. मला हे गाव फार आवडतं आणि त्याच्याबद्दल मराठीत कुठेच काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

ॲम्स्टरडॅमच्या दक्षिणेला, बुलेवाइक नावाची छोटी नदी ॲम्स्टलला मिळते त्या संगमावर गाव वसलंय. वस्ती आठ-नऊ हजारांची. उचलता येणारा पूल, पाण्याला खेटून मांडलेली हॉटेलांची टेबलं, नदीत वल्हवणारी कॉलेजची मुलं, आणि दोन चर्च. रविवारी सायकलवाल्यांची इतकी गर्दी होते की पुलावरून चालणं मुश्कील. बहुतेकजण कॉफी आणि ॲपल टार्ट संपवून परत फिरतात. पुलापासून चार पावलांवर काय आहे हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

आधी गावाच्या वयाबद्दल. हा सगळा भाग मुळात पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडाझुडपांच्या थरांची दलदल. अकराव्या-बाराव्या शतकात शेतकऱ्यांनी नदीपासून आत समांतर चर खणत खणत ती कोरडी केली आणि नदीकाठी घरं बांधली. उट्रेख्तच्या बिशपच्या वतीने ह्या मुलखाचा कारभार पाहणारं घराणं म्हणजे फान ॲम्स्टल, आणि त्यांचं ठाणं इथलं. तेव्हा ॲम्स्टरडॅम म्हणजे नदीच्या मुखाशी असलेली किरकोळ वस्ती. तेराव्या शतकात तिथे बांध पडला, २७ ऑक्टोबर १२७५ रोजी हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस ह्याने बांधाजवळच्या लोकांना जकात माफ केली, आणि तिथून त्या वस्तीचा भाग्योदय सुरू झाला. तरीही चर्चच्या हिशेबात ॲम्स्टरडॅम चौदाव्या शतकापर्यंत आउडरकर्कच्याच हाताखाली होतं!

फान ॲम्स्टल घराण्याचा शेवट मात्र वाईट झाला. चौथा खाइसब्रेख्त १२९६ मध्ये ह्याच फ्लोरिसला पळवून नेण्याच्या कटात सामील झाला. कट फसला, फ्लोरिस मारला गेला आणि खाइसब्रेख्तला मुलूख गमवावा लागला. सुमारे ३४० वर्षांनी डच कवी-नाटककार फोन्डेलने त्याच्यावर नाटक लिहिलं. १६३८ च्या जानेवारीत ॲम्स्टरडॅमचं पहिलं मोठं नाट्यगृह त्याच नाटकाने उघडलं आणि पुढे १९६८ पर्यंत दर नव्या वर्षाच्या सुरुवातीला ते करायची प्रथा होती.

आता त्या चार पावलांवरच्या जागेकडे येते, कारण धागा खरा तिच्यासाठी आहे. बेथ हाइम, म्हणजे पोर्तुगीज ज्यूंची दफनभूमी.

स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकललं. त्यातले पुष्कळ पोर्तुगालला गेले, तिथे १४९७ मध्ये त्यांना सक्तीने बाटवलं आणि १५३६ पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, त्यांच्या मागे लागलं. शनिवारी चूल पेटली नाही, डुकराचं मांस टाळलं, एवढ्यावरून माणसं तुरुंगात जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही कुटुंबं ॲम्स्टरडॅमला येऊ लागली, कारण इथे निदान कुणी घरात डोकावत नव्हतं. पण जगायला जागा देणाऱ्या शहराने पुरायला जागा दिली नाही. सुरुवातीला त्यांना पार आल्कमारच्या पलीकडे, ग्रूट नावाच्या खेड्यात प्रेतं न्यावी लागत. १६१४ मध्ये आउडरकर्कला जमीन मिळाली. तेव्हापासून अंत्ययात्रा ॲम्स्टल नदीतून निघायची. शवपेटी सपाट बुडाच्या नावेत, काठावरून नाव ओढणारा घोडा. आज आपण ज्या काठाने सायकल हाकतो तोच हा रस्ता.

आत गेल्यावर पहिल्यांदा वाटतं, कुरणच आहे. उभे दगड जवळजवळ नाहीतच. सेफार्डी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, रिवाजाप्रमाणे संगमरवरी शिळा आडव्या टाकलेल्या. पीटची जमीन खचते, तशा शिळाही खचतात. कित्येक गवताखाली पार गडप झाल्या आहेत. इथे सत्तावीस हजारांवर माणसं पुरलेली आहेत हे बघून खरं वाटत नाही. पण वाकून बघा. एका शिळेवर ढगातून बाहेर आलेला हात कुऱ्हाडीने झाड तोडतोय. ऐन उमेदीत गेलेल्या माणसाची ती खूण. दुसरीवर आशीर्वादासाठी पसरलेले दोन पंजे, म्हणजे पुरोहित घराण्यातला. लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनीसांच्या घराण्यातला, असेल तर पाण्याची झारी. आणि काही श्रीमंतांच्या शिळांवर चक्क आकृती कोरलेल्या आहेत: शिडीच्या पायथ्याशी झोपलेला याकोब, हार्प वाजवणारा दावीद. मूर्ती-प्रतिमा निषिद्ध मानणाऱ्या धर्माच्या दफनभूमीत हे पाहून मी थबकलेच. लेख हिब्रूत, आणि त्याच्याच खाली पोर्तुगीजमध्ये. ज्या देशाने जाळायला काढलं त्याची भाषा ह्या लोकांनी थडग्यापर्यंत सोडली नाही.

तत्त्वज्ञ स्पिनोझाचे आईवडील इथे आहेत. आई १६३८ मध्ये गेली, वडील १६५४ मध्ये. दोन वर्षांनी, २७ जुलै १६५६ रोजी, ह्याच समाजाने स्पिनोझाला बहिष्कृत केलं, त्यामुळे तो स्वतः इथे नाही. तो हेगला आहे. मेनासे बेन इस्राएलही इथे आहे. ॲम्स्टरडॅममध्ये पहिला हिब्रू छापखाना काढणारा हा माणूस ज्यूंना इंग्लंडमध्ये परत येऊ द्यावं म्हणून तिथला तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल ह्याच्याकडे रदबदली करायला गेला होता, परतताना १६५७ मध्ये वारला.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. ह्या दफनभूमीतल्या लोकांचे वंशजही त्यात आले. दफनभूमी मात्र वाचली आणि आजही वापरात आहे.

ह्या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. पणजीला गेलेल्यांना चर्चसमोरची गार्सिया द ओर्ता बाग माहीत असेल. हा गार्सिया बाटवलेल्या ज्यू घराण्यातलाच वैद्य. १५३४ मध्ये गोव्याला आला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून जाळली. आउडरकर्कच्या शिळांवरून फिरताना मला दर वेळी तो आठवतो. त्याच घराण्यांतली, त्याच भीतीने पळालेली माणसं इथे चारशे वर्षं निवांत पडून आहेत. गार्सियाला तेही मिळालं नाही.

बाकी गावाबद्दल थोडक्यात. नदीकाठचा उंच मनोरा सेंट अर्बानुस चर्चचा, १८६७ मध्ये पूर्ण झालेला, वास्तुकार पिएर कौपर्स. ॲम्स्टरडॅमचं सेंट्रल स्टेशन आणि राइक्सम्युझियम उभारणारा तोच. दुसरं साधंसं चर्च प्रोटेस्टंटांचं, अठराव्या शतकातलं. गावात शिरण्याआधी नदीकाठी वेस्टर-ॲम्स्टल ही १६६२ ची हवेली लागते, पुढे ॲम्स्टरडॅमचा महापौर झालेल्या निकोलास पांक्रासने बांधलेली. तेव्हाचे धनिक उन्हाळ्यात शहरातल्या कालव्यांच्या घाणीतून सुटून इथे राहायला यायचे.

गेलेल्यांनी भर घाला, नसाल गेलात तर जाऊन या.

---

कुडाळचा_बंड्या

रानवाटाताई, लेख फार आवडला. गार्सियाच्या हाडांचं वाचून सुन्न झालो. आमच्या घरापासून गोवा हाकेच्या अंतरावर, त्या बागेत कितीदा बसलोय, पण बहिणीचं काही माहीत नव्हतं.

एक जोड देतो. वेंगुर्ल्याची डच वखार ह्याच काळातली. पोर्तुगीजांची गोव्यात कोंडी करण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनी दर मोसमात मांडवीच्या तोंडावर जहाजं आणून उभी करायची, त्या ताफ्याला धान्यपाणी पुरवायला आणि बातम्या काढायला १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यात वखार घातली. म्हणजे आउडरकर्कला नावा जात होत्या त्याच वर्षांत त्याच शहरातून निघालेली जहाजं आमच्या किनाऱ्यावर होती. वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण झाडांच्या मुळांनी चिरे उचकटलेत. तुमच्याकडे गवताखालच्या शिळासुद्धा कुणीतरी मोजून नोंदवल्यात, आणि इथे राज्य संरक्षित स्मारकाची ही गत. मनापासून वाईट वाटतं.

---

चित्रगंधा

ही दफनभूमी जगभरच्या चित्ररसिकांना ओळखीची आहे, गावाचं नाव माहीत नसलं तरी. याकोब फान राउसडालने सतराव्या शतकाच्या मध्यावर 'ज्यू दफनभूमी' ह्या विषयाची दोन चित्रं काढली. एक ड्रेस्डेनला आहे, दुसरं डेट्रॉइटला. वादळी आभाळ, कोसळलेली वास्तू, वठलेलं झाड, इंद्रधनुष्य, आणि मधोमध थडगी. थडगी अगदी खरी आहेत, बेथ हाइममध्ये जाऊन आजही एकेक ओळखता येतात. राउसडालने जागेवर बसून काढलेली रेखाटनं हारलेमच्या टाइलर्स संग्रहालयात आहेत. बाकी सगळं त्याच्या मनातलं. सपाट आउडरकर्कला त्याने डोंगर दिला, एगमोंडच्या मठाचे भग्नावशेष आणून बसवले आणि संथ ॲम्स्टलच्या जागी खळाळता ओढा.

चित्रात उजेड पडलेली पांढरी कबर आहे ना, ती एलियास मोंताल्तोची. हा पोर्तुगीज ज्यू वैद्य फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिच्या पदरी होता, आणि आपला धर्म उघडपणे पाळीन ह्या अटीवरच त्याने नोकरी धरली होती. १६१६ मध्ये तो फ्रान्समधल्या तूर शहरात वारला. फ्रान्समध्ये ज्यूंना पुरायला जागा नाही, म्हणून मसाले भरून टिकवलेलं त्याचं शव तिथून थेट आउडरकर्कला आणलं. बरोबर आलेला त्याचा तरुण सहायक साउल लेवी मोर्तेरा पुढे ॲम्स्टरडॅमचा मोठा रब्बी (ज्यू धर्मगुरू) झाला. स्पिनोझावर बहिष्कार पडला तेव्हा समाजाच्या रब्बींमध्ये तोच ज्येष्ठ होता. मोर्तेराही इथेच आहे.

---

रानवाटा

बंड्यादादा, वखारीबद्दल स्वतंत्र धागा काढाच, फोटोंसकट. चित्रगंधा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला खरी उंची आली. मोंताल्तो आणि मोर्तेरा ह्यांच्यात एफ्राइम बुएनोचीही भर घालते. हा वैद्य १६६५ मध्ये गेला, तोही इथेच पुरलाय. रेम्ब्रांटने १६४७ मध्ये केलेलं त्याचं एचिंग राइक्सम्युझियमच्या संग्रहात आहे. रेम्ब्रांट स्वतः ॲम्स्टलच्या काठाने चालत यायचा आणि चित्रं काढायचा. शहरातून येताना रीकर पवनचक्कीजवळ त्याचा पुतळा दिसतो.

---

पाटबंधारे_खातं

मी पाण्याच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे मला ह्या गावात थडग्यांइतकीच जमीन बघण्यासारखी वाटते. पुलावर उभं राहून आधी नदीकडे बघा, मग बांधापलीकडच्या कुरणाकडे. नदी वर आहे आणि गायी खाली चरतायत. ॲम्स्टलची पातळी समुद्रसपाटीखाली ४० सेंटिमीटरच्या आसपास राखलेली असते आणि कुरणं त्याहूनही चांगली मीटर-दीड मीटर खाली.

हे असं निसर्गतः नव्हतं. बाराव्या शतकात चर खणले तेव्हा दलदल नदीपेक्षा उंच होती आणि पाणी आपसूक नदीत उतरायचं. पण पीट म्हणजे कुजायची राहिलेली झाडंझुडपं. पाण्याखाली आहे तोवर ती टिकते, पाणी काढलं की हवा लागून कुजते आणि जमीन बसते. बसली की पुन्हा ओली होते, म्हणून चर आणखी खोल. पुन्हा बसते. धान्य पिकेना तेव्हा लोक गायींकडे वळले. मग बांध आले, बांधाच्या आतलं पाणी उचलून नदीत टाकायला पवनचक्क्या आल्या, नंतर वाफेचे पंप, आता विजेचे. डच चीज-लोणी आपल्याला समृद्धीचं लक्षण वाटतं, पण पश्चिम हॉलंडमध्ये त्याच्या मुळाशी ही खचलेली जमीन आहे.

गावाच्या दक्षिणेला रोंडे हूप पोल्डर (बांध घालून, पाणी उपसून राखलेली सखल जमीन) आहे. ॲम्स्टल, वावर आणि बुलेवाइक ह्या तीन नद्यांनी वेढलेला. मध्ययुगात शेतकरी काठावरून आत आत खणत गेले, त्यामुळे शेतांच्या पट्ट्या परिघाकडून मध्याकडे निमुळत्या होत जातात. आठ-नऊशे वर्षांची ती आखणी अजून जशीच्या तशी आहे. सगळी घरं काठाच्या रस्त्यावर, मध्ये एकही रस्ता नाही. भोवतालची फेरी साधारण १७ किलोमीटर. अतिवृष्टीत ॲम्स्टल डोईजड झाली तर शहर वाचवायला हाच पोल्डर मुद्दाम बुडवायचा, असं ठरलेलं आहे. इथल्या शेतकऱ्यांनी ह्याला बराच विरोध केला. मला त्यांचं म्हणणं समजतं. शहराच्या तळघरात पाणी शिरू नये म्हणून आपल्या गोठ्यात घ्यायचं, हा सोपा सौदा नाही. कोयना-पानशेतच्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

---

मनीमोहोर

पोल्डरबद्दलचा प्रतिसाद वाचून एक विचारते. दर वर्षी घरी पाणी मंडळाचं कराचं बिल येतं, ते ह्याच कामाचं का? नवरा म्हणतो नळपट्टी आहे.

---

पाटबंधारे_खातं

नळपट्टी वेगळी. हे बिल बांध, पंप आणि सांडपाणी शुद्धीकरणाचं. तुमच्या भागातलं पाणी मंडळ 'ॲम्स्टल, खोय एन फेख्त'. ही मंडळं म्हणजे मध्ययुगातल्या शेतकऱ्यांनी बांध राखण्यासाठी केलेल्या पंचायतींची वंशज. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा माहीत नसते: मंडळाची निवडणूक चार वर्षांनी होते, मागची मार्च २०२३ मध्ये झाली, आणि तिथे डच नागरिकत्व नसलं तरी कायदेशीर रहिवासी असाल तर मत देता येतं. पात्र असाल तर चिठ्ठी घरी येते, जाहिरात समजून फेकू नका. रोंडे हूप बुडवायचा का, पीटची पातळी किती ठेवायची, हे तिथेच ठरतं.

---

सडेतोड_सुलभा

माहिती उत्तम, पण एक गोष्ट खटकली. वेस्टर-ॲम्स्टलसारख्या हवेल्यांचा उल्लेख 'धनिकांची उन्हाळी घरं' म्हणून संपवू नये. हा पैसा आला कुठून? दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम ह्या डच वसाहतीत उसाच्या मळ्यांत गुलाम राबत होते, इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळासाठी कत्तल झाली. आणि छळातून सुटून आलेल्या पोर्तुगीज ज्यूंपैकी काहींचे सुरीनाममध्ये मळे होते, गुलाम होते. हेही त्याच इतिहासात येतं.

---

रानवाटा

सुलभाताई, तुमचं म्हणणं पूर्ण पटतं, आणि त्याची साक्षही ह्याच दफनभूमीत आहे. एलिएझर नावाच्या एका कृष्णवर्णी माणसाची कबर इथे आहे. तो पाउलो द पिना ह्या व्यापाऱ्याकडे होता आणि १६२९ मध्ये वारला. नोकरांना, गुलामांना पुरण्यासाठी वेगळा कोपरा होता. एलिएझरला मात्र समाजातल्या प्रतिष्ठितांच्या रांगेत जागा मिळाली, स्वतःची शिळा मिळाली. शिळेवर पोर्तुगीजमध्ये लिहिलंय, भल्या सेवकाची ही कबर. तो कुठे जन्मला, मूळ नाव काय, ह्याबद्दल शिळा गप्प आहे. त्याचा छोटा पुतळा तिथे बसवलाय आणि सुरीनामी वंशाची माणसं त्याला आदरांजली वाहायला येतात. 'भला सेवक' हे शब्द प्रेमाचे असतीलही, पण ते मालकाचे शब्द आहेत, आणि ते वाचताना मला अवघडल्यासारखं होतं.

---

पक्षीवेडा_पक्या

रोंडे हूपचा विषय निघालाच आहे तर: मधला भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे. डच लोकांचा राष्ट्रीय पक्षी म्हणजे ब्लॅक टेल्ड गॉडविट. हिवाळ्यात आपल्याकडे भिगवणला थव्याने येतो, तीच जात. इथे एप्रिलमध्ये त्याला कुरणात अंडी घालताना आणि डोक्यावर ओरडत घिरट्या घालताना बघणं हा वेगळाच आनंद. भिगवणला तो मुकाट चिखल चाळत असतो, इथे त्याचा आवाज ऐकायला मिळतो. संख्या मात्र झपाट्याने घटते आहे, कारण गवत लवकर कापलं की पिल्लं यंत्रात सापडतात. काही शेतकरी कापणी उशिरा करतात, त्यांच्याच शेतांवर पक्षी दिसतात.

---

मनीमोहोर

सगळ्यांचे आभार, येत्या सुट्टीत सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार. दफनभूमीत कुणालाही जाता येतं का? काही पाळायचं असतं का?

---

रानवाटा

येतं. शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असते, त्यामुळे शनिवार टाळा. पुरुषांनी डोकं झाकायचं, सासऱ्यांची टोपी चालेल. शिळांवर पाय द्यायचा नाही. गवतात बुडालेल्या असतात म्हणून आखलेल्या वाटेनेच चाला. फुलं नेऊ नका, कबरीवर छोटा खडा ठेवायची रीत आहे. १७०५ ची एक लहानशी इमारत दिसेल, तिथे मृताला स्नान घालून त्याच्याभोवती सात फेरे घालत. आधी बेथ हाइम, मग अर्बानुस चर्च, आणि जेवण शेवटी नदीकाठी, असा क्रम ठेवा. ज्येष्ठांना सायकल जमणार नसेल तर ॲम्स्टलवीनहून बस आहे. रोंडे हूपच्या फेरीला मात्र सायकलच हवी, आणि वारा पश्चिमेचा असेल तर पाणी बरोबर ठेवा, कारण वावरच्या काठावर मैलभर आडोसा नाही.